गाडी उंच करण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर जाऊ पाहणाऱ्या थार-जिम्नीसारख्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या नव्या मालकांमध्ये एकच वाद पेटतो: हातात पन्नास-साठ हजार आहेत, पहिले काय करायचे? एक बाजू सांगते, आधी गाडी दोन इंच उंच करा, जाड टायर चढवा, बाकीचे पुढे बघू. दुसरी बाजू म्हणते, कंपनीने दिली तशी गाडी ठेवा, हे सगळे चोचले आहेत. पहिली बाजू गाडी कशी दिसते याच्या पुढे जात नाही आणि दुसरी चलानाच्या भीतीच्या पुढे जात नाही. चाकाची पकड सुटते कुठे आणि का, हा मूळ प्रश्न दोघांच्याही बोलण्यात नसतो. माझे मत असे आहे की मर्यादित बजेटमधला पहिला पैसा गाडीच्या प्रकृतीवर, टायरवर, टायरमधल्या हवेवर आणि अडकल्यावर बाहेर पडायच्या सामानावर जावा. उंची त्यानंतरची गोष्ट आहे, आणि पुष्कळांना ती कधीच लागत नाही. हा केवळ हौशी माणसाच्या खिशाचा प्रश्नही नाही. रुतलेली गाडी ओढायला हातातले काम टाकून ज्याला ट्रॅक्टर आणावा लागतो आणि ज्याची पाणंद दुसऱ्याच्या चाकांनी खणली जाते, त्या शेतकऱ्याचाही तो प्रश्न आहे.

दोन इंचांच्या लिफ्टने, म्हणजे स्प्रिंग बदलून गाडी उंच करण्याने, नेमके काय वर जाते, हे आधी पाहू. जिम्नीचे पुढचे आणि मागचे दोन्ही एक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे आडवे आस, अखंड आहेत. स्प्रिंग एक्सलच्या वर बसतात. त्यामुळे लांब स्प्रिंग घातल्या की वर उचलली जाते ती चासी आणि बॉडी. डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे एक्सलवरची, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी आणि दगडाला सगळ्यात आधी भिडणारी पेटी, होता तिथेच राहतो. त्याची उंची ठरते फक्त टायरच्या व्यासावर, आणि वाढलेल्या व्यासाचा निम्माच वाटा त्याला मिळतो. जिम्नीचा १९५/८० आर १५ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) टायर सुमारे ६९३ मिमी व्यासाचा. त्याजागी २१५/७५ आर १५ घातला तर व्यास ७०४ च्या आसपास, म्हणजे गोळा उचलला जातो जेमतेम ५ मिमी. २३५/७५ आर १५ घातला तर २० मिमी मिळतात, पण चाक जवळपास सहा टक्के मोठे होते. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०६ ने पळत असते आणि लो गिअरमध्ये मुंगीच्या चालीने चढायची ताकद तेवढीच घटते. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर आत घासतो, म्हणून लिफ्ट लागते. लिफ्ट केली की कॅस्टरचा, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाच्या मागे झुकण्याचा, कोन बिघडतो आणि हायवेवर स्टिअरिंग भरकटते, म्हणून कॅस्टरचे वेगळे बुश लागतात. एक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून त्याला मधोमध धरणारा वेगळा पॅनहार्ड रॉड लागतो. ब्रेकचे होज ताणले जातात, तेही बदलावे लागतात. नव्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होते. तिथे लिफ्टने ड्राइव्हशाफ्टचा कोन तीव्र होतो, त्याच्या सांध्यांचे (सीव्ही जॉइंटचे) रबरी बूट लवकर फाटतात, आत तांबडी माती जाते आणि वळताना कटकट असा आवाज सुरू होतो. पंचवीस-तीस हजारांत सुरू झालेले काम तेवढ्यात संपत नाही, ते असे. सर्वात मोठा धोका तर स्वस्त स्पेसरचा असतो. त्यात स्प्रिंगच्या खाली ठोकळा सारून उंची मिळते, पण शॉकअप जुनाच राहतो आणि तो पूर्ण ताणलेल्या अवस्थेत आदळून गळायला लागतो.

आता हवेचा हिशेब करू. सामानासकट दोन टनांच्या गाडीचे एका चाकावर साधारण ५०० किलो वजन येते. टायरच्या बाजूंचा कडकपणा सोडून दिला, तर जमिनीला टेकणारे क्षेत्र म्हणजे वजन भागिले हवेचा दाब. ३२ पीएसआयला (पंपावर हवा ज्या एककात मोजतात ते) ते क्षेत्र सुमारे २२० चौरस सेंटिमीटर भरते, १८ पीएसआयला ३९५ च्या आसपास. जवळजवळ पावणेदोन पट जमीन चाकाखाली आली, आणि त्यासाठी फक्त व्हॉल्व्ह दाबावा लागला. हे क्षेत्र वाढते ते मुख्यतः लांबीत. त्यामुळे चाक मातीत रुतण्याऐवजी तिच्यावर पसरते आणि दगडावर टायर घट्ट बसतो. दगडगोट्यांच्या वाटेवर २२ ते २५, चिखलात १८ ते २०, वाळूत १५ ते १८ हा सुरुवातीचा अंदाज धरावा. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला या पट्ट्यातला खालचा आकडा चालतो. १५ च्या खाली नवशिक्याने जाऊ नये, कारण तीव्र वळणावर टायरची कड रिमवरून निसटते. आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि आतून सोलवटतो.

उंची आणि मोठ्या चाकांशिवाय दुर्गम प्रदेश पार होत नाही असे वाटणाऱ्यांनी राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने काय केले ते पाहावे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए या साध्या मोटारी घातल्या. टायरमधली हवा कमी करणे, रुतलेल्या चाकापुढे पोलादी पन्हळी टाकणे, अनावश्यक वजन उतरवणे आणि वाळूचा पृष्ठभाग वाचायला शिकणे, ही त्यांची हत्यारे होती. १९४० मध्ये याच अनुभवावर लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही वाळवंटात शत्रूच्या मागे फिरणारी ब्रिटिश लष्करी तुकडी उभी राहिली आणि तिची सुरुवात झाली शेवरलेच्या टू व्हील ड्राइव्ह ट्रकवर. मध्यंतरी त्यांना फोर्डचे फोर व्हील ड्राइव्ह ट्रक मिळाले. ते जड होते आणि पेट्रोल फार पीत. तुकडी पुन्हा टू व्हील ड्राइव्ह शेवरलेकडे वळली. शत्रूच्या प्रदेशात अडकलो तर जीव जाईल, हे ठाऊक असलेल्या माणसांनी केलेली ही निवड आहे. आपल्याकडे महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप जुळवायला घेतल्या, त्याही ६.००-१६ च्या अरुंद टायरवर धावत. सैन्याची जिप्सीही कंपनीच्या उंचीवरच सीमाभागात फिरली. मग पवना किंवा वरंधच्या परिसरातल्या वाटेसाठी पहिल्याच महिन्यात चासी वर उचलायची घाई कशासाठी?

उंचीच्या बाजूचा सर्वात बळकट मुद्दा भूमितीचा आहे आणि तो खरा आहे. जांभ्याची एक फूट उंच पायरी पोटाखाली आली, तर हवा कमी करून ती छोटी होत नाही. उलट हवा काढल्याने गाडी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खालीच बसते. अप्रोच (पुढचा बंपर न घासता चढता येणारा) आणि ब्रेकओव्हरचा (पोट न टेकता ओलांडता येणारा) कोन लिफ्टने सुधारतो, यातही शंका नाही. पण प्रश्न असा, की नवशिक्या माणूस कंपनीने दिलेले कोन संपवतो का? थारचा पुढचा कोन ४१ अंशांच्या वर आहे, जिम्नीचा ३६. पहिल्या वर्षात गाड्या अडकतात त्या ओल्या मुरमाच्या चढावर, ओढ्याच्या गोट्यांत आणि पाणंदीतल्या चाकोऱ्यांत. त्या चाकोऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या असतात, आणि ट्रॅक्टरच्या चाकाने खणलेल्या खोलीला दोन इंचांची लिफ्ट कधीच पुरत नाही. तिथे एक चाक मधल्या वरंब्यावर आणि दुसरे बाहेरच्या कडेवर ठेवून जायचे असते. ते साधले नाही तर चार इंच उंच गाडीही पोटावर बसते. पायरी आली तर खाली उतरून दोन दगड रचायचे, आणि पार झाल्यावर ते परत बाजूला टाकायचे. पोटाला मार बसणारच असेल तर इंजिनच्या सम्पखाली (तेलाच्या टाकीखाली) आणि ट्रान्सफर केसखाली (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीखाली) ३-४ मिमी जाडीची पोलादी प्लेट हे लिफ्टपेक्षा स्वस्त उत्तर आहे. तिला तेल काढायचे भोक आणि हवा खेळायला चिरा हव्यात, नाहीतर आत चिखल भरून राहतो आणि गंज धरतो.

दुसरा मुद्दा काटकसरीचा आहे. आज मूळ मापाचे टायर घेतले आणि वर्षाने लिफ्ट केली तर ते टायर वाया जातात, म्हणून सगळे एकदाच करा, असे सांगतात. ज्याला नेमके काय लागणार हे ठाऊक आहे, त्याच्यासाठी हा सल्ला योग्यच आहे. पण पहिल्यांदा पैसे घालणाऱ्याला तेच तर ठाऊक नसते. ज्याचे निम्मे फिरणे कोकण किनारा आणि निम्मे पुणे-सातारा हायवेवर आहे, त्याने एमटी (चिखलासाठीचे) टायर घेतले तर ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतात, आवाजाने डोके उठते आणि टायर अकाली झिजतात. त्याच्यासाठी एटी (सगळ्या प्रकारच्या रस्त्यांचा) टायर पुरेसा. मावळात भर जुलैत चिखलच तुडवायचा असेल तर मात्र एटीच्या खाचा तांबड्या मातीने भरून गुळगुळीत होतात, तिथे एमटीचे मोठे ठोकळे माती झटकून टाकतात. हे वर्षभर गाडी वापरल्यावर कळते. म्हणून कंपनीचे टायर निम्म्याहून जास्त नक्षी राखून असतील तर ते झिजेपर्यंत वापरावेत, आणि बदलताना मूळ माप किंवा कंपनीनेच दुसऱ्या प्रकाराला दिलेले माप घ्यावे. थार २५५/६५ आर १८ आणि २४५/७५ आर १६ अशा दोन मापांत विकली गेली. सोळा इंची रिमवर टायरची बाजू १८४ मिमी उंच मिळते, अठरावर १६६. हवा कमी करून दगडावर जायचे तर ही जास्तीची बाजूच रिम वाचवते. एकूण व्यास दीड सेंटिमीटर घटतो, एवढी किंमत त्यासाठी मोजायला हरकत नाही. स्टेपनीही त्याच मापाची हवी. फोर व्हीलमध्ये एक चाक वेगळ्या व्यासाचे फिरवले तर ट्रान्सफर केसवर ताण येतो.

उंच केलेली गाडी लगेच उलटते असे लिफ्टला विरोध करणारे काही जण सांगतात, तेही धड नाही. समजा दोन चाकांमधले अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य पाऊण मीटरवर आहे. तो पाच सेंटिमीटर वर गेला तर कागदावरचा उलटण्याचा कोन ४५ अंशांवरून ४३ वर येतो. एवढ्याने आभाळ कोसळत नाही. याच लोकांच्या टपावर लोखंडी कॅरिअर, जेरीकॅन आणि जादाची स्टेपनी असते आणि त्याबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. लिफ्टवरचा खरा आक्षेप वेगळा आहे: तिने चाकाची पकड तसूभरही वाढत नाही, आणि मिळालेल्या उंचीच्या भरवशावर माणूस आणखी आत जाऊन अडकतो.

अडकल्यावर काय, हा विचार बजेटमध्ये सगळ्यात शेवटी येतो आणि तिथेच माणसे जखमी होतात. नायलॉनचा कायनेटिक पट्टा ताणून परत आखडतो, त्यामुळे झटका गाडीला लागण्याआधी पट्टा तो सोसतो. साधा टो पट्टा किंवा साखळी ताणत नाही. तिने झटका मारला की हूक तुटून गोळीसारखा काचेतून आत येतो. पट्टा ९ मीटरचा असावा आणि त्याची तुटण्याची क्षमता दोन गाड्यांपैकी हलकीच्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. पावणेदोन टनांच्या थारचे सामानासकट दोन टन धरले तर साधारण पाच ते सहा टनांचा लागतो. फार जड पट्टा ताणतच नाही, म्हणून बारा-चौदा टनांचा घेऊन फायदा नाही. शॅकल, म्हणजे पट्टा अडकवायचे पोलादी कडे, ४.७५ टनांचे, त्यावर क्षमता कोरलेले, दोन. पट्टा चासीला पक्क्या बसवलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच अडकवावा. ट्रेलरच्या गोल बॉलला कधीच नाही, आणि वाहतुकीत गाडी बांधून ठेवायच्या पातळ कड्यांनाही नाही. ओढण्याआधी फावडे हातात घ्यायचे. चाकांच्या निम्म्यापर्यंत चिखल असेल तर चिखलाची पकडच गाडीच्या वजनाएवढा जोर मागते, आणि मडगार्डपर्यंत गेला तर त्याच्या दुपटीने. चाकापुढची माती काढून उतार केला, पोट मोकळे केले, की ओढायचा जोर कमी होतो आणि तुटण्याचा धोकाही. पट्ट्याच्या मधोमध जाड जाकीट किंवा गोणपाट टाकावे आणि बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभे करावे. विंच, म्हणजे बंपरवरचे तार गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, नको का? एकट्याने फिरणाऱ्याला ती लागते, हे मान्य. पण ती गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट क्षमतेची हवी, तिला पोलादी बंपर हवा, आणि पुढच्या चाकांवर पन्नासेक किलोंचा भार कायमचा येतो. नवशिक्याने एकट्याने जाऊच नये, हे त्याहून स्वस्त आणि खरे उत्तर आहे.

गाडीच्या प्रकृतीबद्दल कोणी बोलत नाही, कारण ती फोटोत दिसत नाही. जुनी जिप्सी, महिंद्राची एमएम ५४० जीप किंवा आधीच्या पिढीची थार घेतलेल्यांनी तर सगळे बजेट इथेच ठेवावे. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, चाकांचे बेअरिंग, पाट्यांचे बुश, किंगपिनची ढिलाई आणि फोर व्हील खरोखर पडते की नाही, एवढे आधी बघावे. नवीन गाडीतही एक काम पाचशे-हजारांत होते आणि पुढचा चाळीस हजारांचा खर्च वाचवते. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सला हवा सोडायची बारीक नळी, म्हणजे ब्रीदर, असते. चढ चढून तापलेला गोळा थंडगार ओढ्यात शिरला की आतली हवा आकुंचन पावते. नळी पाण्याखाली असेल किंवा चिखलाने बुजली असेल, तर तो तिथून किंवा सीलमधून पाणी आत ओढतो. तेल दुधाळ होते, बेअरिंग गंजतात आणि सहा महिन्यांनी गोळा ओरडायला लागतो. त्या नळीला योग्य मापाचा रबरी पाइप जोडून इंजिनच्या खोलीत उंचावर नेला आणि टोकाला छोटा फिल्टर लावला की काम झाले. हे न करता स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला टपाच्या उंचीवरून हवा देणारा पाइप, बसवणारे कितीतरी दिसतात. इंजिनात पाणी गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो हे खरे, पण थारची कंपनीने सांगितलेली मर्यादाच ६५० मिमी आहे. तेवढ्या वाहत्या पाण्यात इंजिन वाचले तरी गाडी तरंगून सरकते.

कायद्याचा मुद्दा सर्वात वाईट पद्धतीने मांडला जातो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. क्रॅश गार्डवर (बंपरपुढे लावलेल्या लोखंडी नळ्यांवर) तर २०१७ च्या डिसेंबरातच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितले. यावर हौशी लोक म्हणतात, जर्मनीत टीयूव्ही ही तपासणी संस्था बदल तपासते आणि कागदपत्रांत नोंदवते, मग आपल्याकडेच बंदी का? हा प्रश्न रास्त आहे. तपासणीची वाट उघडावी ही मागणी मीही करीन. पण ती वाट उघडेपर्यंत अपघात झाला, तर न नोंदवलेल्या लिफ्टवर विमा कंपनी बोट ठेवणारच, आणि तेव्हा समोरच्या जखमी माणसाची भरपाईही वादात सापडते. पंप, पट्टा, फावडे, योग्य मापाचे टायर यांत कलम ५२ आडवे येत नाही. ज्याला डिफ लॉक (एक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे कुलूप) आणि स्नॉर्केल हवेच आहेत, त्याने पुढचे-मागचे दोन्ही डिफ लॉक आणि स्नॉर्केल कंपनीतूनच घेऊन येणारी फोर्सची गुरखा बघावी.

आणि जमिनीचे काय? पठारांवर जांभ्याच्या कातळावर मातीचा जेमतेम काही इंचांचा थर असतो. कासचे पठार अशाच थरावर उगवणाऱ्या फुलांसाठी जगाला माहीत आहे. पूर्ण हवेचा एमटी टायर तिथे फिरला की तो थर कातळापर्यंत सोलला जातो आणि पुढच्या पावसात वाहून जातो. अशा सड्यांवर गाडी घालूच नये. जिथे वाट आहे तिथे कमी हवेचा, न घसरणारा टायर वाटेचे सर्वात कमी नुकसान करतो, म्हणून मी पकडीचा एवढा आग्रह धरतो.

साठ हजारांचा हिशेब मग असा बसतो. हवा मोजायचे चांगले गेज आणि हवा सोडायचे साधन मिळून हजार-दीड हजार. बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडायचा पंप चार-पाच हजार. सॉकेटवरचे छोटे पंप चार टायर भरताना तापतात आणि फ्यूज उडवतात. पंक्चरचा संच सातशे. पट्टा, शॅकल आणि हातमोजे सात-आठ हजार. फावडे पाचशे. चाकाखाली टाकायच्या फळ्यांची जोडी सहा ते आठ हजार. अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी दोन-अडीच हजार. ब्रीदरच्या नळ्या आणि सगळी तेले बदलून आठ-दहा हजार. इथे निम्मी रक्कम संपते. उरलेल्यातून पोटाखालची प्लेट घ्यावी किंवा ती टायरसाठी राखून ठेवावी. एलईडीचे मोठे बार घेऊ नयेत. घाटातल्या धुक्यात त्यांचा पांढरा झोत आपल्याच डोळ्यांवर परत येतो आणि समोरच्याला आंधळे करतो.

लिफ्ट कधी करावी, याचे उत्तर गाडीच देते. दर फेरीनंतर ती धुवायच्या आधी खाली सतरंजी टाकून आडवे व्हावे आणि ओरखडे पाहावेत. पुढच्या बंपरच्या ओठाला ओरखडे असतील तर बहुधा पायरीला तिरके भिडणे शिकायचे राहिले आहे. मागच्या बंपरला असतील तर उतरताना वेग जास्त आहे. फक्त गोळ्यावर असतील तर लिफ्टचा उपयोग नाही, टायरच मोठा लागेल. पण चासीच्या मधोमध, दोन्ही एक्सलच्या बरोबर मध्ये, प्रत्येक फेरीत नवे ओरखडे येत असतील आणि गाडी चालवणाऱ्याला तीच वाट दुसऱ्या बाजूनेही काढता येत नसेल, तर उंचीचा खर्च विचारात घ्यावा. तोही स्प्रिंग, शॉकअप, कॅस्टर आणि ब्रेक होज यांच्या एकत्र किमतीत मोजून.